सुट्टीनंतर परत न आलेले

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्या वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघं होतो. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाताना आमच्यातल्या एकानं गादी गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि एसटीच्या टपावर टाकली. "गादी कशाला नेतोस रे?" मी विचारलं. "ढेकूण झालेत. उन्हात टाकतो," तो म्हणाला.

सुट्टी संपली. तिघंच परतलो. त्याची लोखंडी कॉट वर्षभर तशीच पडून राहिली. पुढं पुढं आम्ही तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायला लागलो.

तो नापास झाला नव्हता. आम्हा चौघांत इंग्रजी त्याचंच बरं होतं. पण मेसचं बिल दर महिन्याला भरावं लागायचं आणि शिष्यवृत्ती यायची वर्ष संपता संपता. त्यात एकदा भर तासाला 'शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा' असं फर्मान निघालं होतं. आम्ही उभे राहिलो होतो. त्या दिवसापासून तो मागच्या बाकावर बसायला लागला. त्याच्या जाण्याचं खरं कारण यातलं कुठलं, की तिसरंच काही, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

आता मी स्वतः इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनांबद्दल वाचत होतो, तेव्हा एका साध्या वाक्यापाशी अडलो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात १९०५ च्या सुमारास असं लक्षात आलं होतं, की आधीच्या वर्षी शिकत असलेले सहा काळे विद्यार्थी सुट्टीनंतर परत आलेच नाहीत. एवढंच वाक्य. मला मात्र ती कॉट दिसली.

(एक खुलासा इथंच करतो. मराठीत आपण 'कृष्णवर्णीय' असं जपून लिहितो. पण १९६० च्या दशकात तिथल्या तरुणांनी 'निग्रो' हा शब्द टाकून 'ब्लॅक' हा शब्द ठरवून, ताठ मानेनं घेतला. म्हणून मीही सरळ 'काळे' असंच लिहितोय.)

दार उघडं होतं

कॉर्नेलची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण या विद्यापीठानं काळ्या विद्यार्थ्यांना दार बंद केलं नव्हतं. १८६५ मध्ये स्थापना झाली तेव्हाच संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांचं म्हणणं होतं, की कोणालाही इथं कोणताही विषय शिकता आला पाहिजे. पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी तर १८७४ मध्ये एका पत्रात लिहिलं, की एक जरी काळा विद्यार्थी परीक्षा पास होऊन आला तरी आम्ही त्याला घेऊ, मग आमचे पाचशे गोरे विद्यार्थी सोडून गेले तरी चालतील. त्या काळात असं लिहायला छाती लागत होती.

१८९० मध्ये तिघं काळे विद्यार्थी पदवीधर झाले. त्यातले जॉर्ज वॉशिंग्टन फील्ड्स जन्मानं गुलाम होते आणि आता कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडत होते. जेन एलेनॉर डॅचर ही तिथून पदवी घेणारी पहिली काळी स्त्री. १९०५ मध्ये जेसी फॉसेट पदवीधर झाल्या. पुढं 'द क्रायसिस' या मासिकाच्या साहित्य संपादक म्हणून त्यांनी लेखकांची एक अख्खी पिढी पुढं आणली.

मग ते सहा जण का गेले?

इथाका हे टेकडीवरचं गाव. विद्यापीठ वर, वस्ती खाली. मुलांसाठी विद्यापीठाची वसतिगृहं त्या काळी जवळपास नव्हतीच. गोऱ्या मुलांची सोय लागायची ती फ्रॅटर्निटीत. फ्रॅटर्निटी म्हणजे नुसतं पार्टी करणारं टोळकं असं चित्र आपल्याला सिनेमांतून माहीत आहे. प्रत्यक्षात तिथं राहायला घर मिळायचं, दोन वेळचं जेवण मिळायचं, वरच्या वर्गातल्या मुलांच्या वह्या मिळायच्या आणि पुढं नोकरीला लागतात त्या ओळखी मिळायच्या. काळ्या मुलांना तिथं प्रवेश नव्हता. काहीजण त्याच घरांमध्ये वाढप्याचं काम मात्र करायचे. राहायचे टेकडीखाली, गावातल्या काळ्या कुटुंबांकडे. वर्गात बसायची परवानगी होती. वर्ग सुटल्यावर कुठं जायचं, हे विद्यापीठानं कधी ठरवलंच नव्हतं.

तेव्हा मागं उरलेली मुलं एकत्र बसायला लागली. आधी नुसता अभ्यासाचा गट होता. पुस्तकं वाचायची, एकमेकांना अडलेलं समजावायचं, आपल्यातला कोण वर्गात दिसत नाही त्याची चौकशी करायची. सिंगलटन नावाच्या कुटुंबानं घरात जागा दिली. मग वाद सुरू झाला. सी. सी. पॉइन्डेक्स्टर हा वयानं मोठा विद्यार्थी म्हणत होता, साहित्य मंडळच बरं. जे आपल्याला बाहेर ठेवतात त्यांचीच नक्कल कशाला करायची? बाकीच्यांचं म्हणणं होतं, मंडळ चार वर्षांत विरून जाईल. टिकायचं तर नाव पाहिजे, नियम पाहिजेत, पिढ्यान् पिढ्या चालणारी संस्था पाहिजे.

दुसरी बाजू जिंकली. ४ डिसेंबर १९०६ रोजी सात विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' ही संघटना स्थापन केली. सातांपैकी व्हर्टनर टँडी पुढं न्यूयॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत काळे वास्तुविशारद झाले. हेन्री कॅलिस डॉक्टर झाले. यूजीन किंकल जोन्स यांनी 'नॅशनल अर्बन लीग'चं नेतृत्व केलं. संघटना इतर विद्यापीठांत पसरली. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलींची 'अल्फा कप्पा अल्फा' निघाली, १९१३ मध्ये तिथंच 'डेल्टा सिग्मा थीटा'. या दुसरीच्या मुलींनी स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आत स्त्रियांच्या मताधिकारासाठीच्या मोर्चात भाग घेतला. मार्टिन लूथर किंग बॉस्टनमध्ये शिकत असताना १९५२ साली अल्फाचे सभासद झाले. थरगुड मार्शल, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती, तेही अल्फाचेच.

ही यादी वाचून छाती फुगते खरी. पण माझं मन अजून त्या सुरुवातीच्या अभ्यासगटातच रेंगाळतं. या सगळ्याची सुरुवात 'आज तो का आला नाही?' या प्रश्नापासून झाली होती.

खोली कुणाच्या शेजारी

विद्यार्थ्यांनी आपलं आपण सावरलं, म्हणून विद्यापीठाचं काम संपत नव्हतं. १९११ मध्ये दोन काळ्या मुलींनी सेज कॉलेज या मुलींच्या वसतिगृहात खोली मागितली. दोनशेहून अधिक गोऱ्या मुलींनी सह्यांचं निवेदन दिलं, की त्या इथं नकोत. अध्यक्ष जेकब शर्मन यांनी ते निवेदन धुडकावलं. पण अध्यक्ष बदलले तशी हवाही बदलली आणि नंतरची कित्येक वर्षं काळ्या मुलींना वसतिगृहाबाहेरच राहावं लागलं. नियम कागदावर पक्का नसला की तो खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मर्जीवर चालतो. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

१९६३ मध्ये जेम्स पर्किन्स अध्यक्ष झाले आणि त्यांना दिसलं, की हजारोंच्या विद्यापीठात काळे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांनी एक समिती नेमली. पुढं ती 'कोसेप' या आद्याक्षरी नावानं ओळखली जाऊ लागली. तिनं काळ्या वस्त्यांमधल्या शाळांत जाऊन मुलं शोधली, नुसत्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर न थांबता शिक्षकांच्या शिफारशी पाहिल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, शिकवणीची सोय केली. १९६८-६९ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २५० झाली. देशातल्या बड्या विद्यापीठांमध्ये असा प्रयत्न करणाऱ्या पहिल्या काही विद्यापीठांत कॉर्नेल होतं.

आणि तिथंच ठिणगी पडली. आजही काही लोक विचारतात, एवढं केलं तरी ही मुलं रागावली कशी? या प्रश्नात गृहीत असं धरलेलं असतं, की ज्याला आत घेतलं त्यानं उपकार मानून गप्प बसावं. पण पूर्वी सहा-सात मुलं होती तेव्हा ती एकेकटी सोसत होती. आता अडीचशे जण आपापले अनुभव एकमेकांना सांगत होते. १९६६ मध्ये त्यांनी 'आफ्रो-अमेरिकन सोसायटी' काढली. अभ्यासक्रमात आपला इतिहास कुठंच नाही, वसतिगृहात केसांवरून, संगीतावरून, आवाजावरून कुरबुरी, वर्गात ऐकावं लागतं ते वेगळंच. अर्थशास्त्राच्या एका पाहुण्या प्राध्यापकानं गरिबीवर शिकवताना काळ्यांना हीन लेखलं, अशी त्यांची तक्रार होती. दाद मिळेना, म्हणून ४ एप्रिल १९६८ रोजी ते त्या विभागाच्या कार्यालयात जाऊन बसले. त्याच दिवशी संध्याकाळी मेम्फिसमध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली.

काळ्या मुलींसाठी 'वारी हाउस' नावाचं वेगळं घर सुरू झालं, तेही याच काळात. बारा मुली एकत्र स्वयंपाक करतात, रात्री उशिरापर्यंत बोलतात, दुसऱ्या दिवशी वर्गाला जातात, एवढंच त्याचं स्वरूप. बाहेरून पाहणाऱ्यांना ते 'स्वतःहून वेगळं पडणं' वाटलं. आतल्या मुलींना ती दिवसातून निदान काही तास कुणाला काही समजावून सांगावं न लागणारी जागा वाटत होती.

१८ एप्रिल १९६९ च्या पहाटे कुणीतरी या घरासमोर क्रॉस पेटवला. पेटता क्रॉस ही कू क्लक्स क्लानची खूण. तिचा अर्थ दक्षिणेतून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिलला, पालक भेटीचा शनिवार होता. विद्यापीठ सजलं होतं. पहाटेच शंभराच्या आसपास काळे विद्यार्थी विलार्ड स्ट्रेट हॉल या विद्यार्थी भवनात शिरले, तिथं मुक्कामाला असलेल्या पालकांना बाहेर काढलं आणि दारं लावून घेतली. त्यांच्या मागण्यांत आधीच्या आंदोलनाबद्दल झालेल्या शिस्तभंगाच्या कारवाया रद्द करा ही एक मुख्य होती. सकाळी एका गोऱ्या फ्रॅटर्निटीची मुलं आत घुसली आणि मारामारी झाली. मग अफवा उठली, की आणखी टोळ्या हत्यारं घेऊन येताहेत. आत बसलेल्यांनी स्वतःसाठी बंदुका आणवल्या.

रविवारी दुपारी विद्यापीठाशी करार झाला आणि ते बाहेर पडले, तेव्हा हातात रायफली होत्या आणि एकाच्या छातीवर काडतुसांचे पट्टे होते. स्टीव्ह स्टार या छायाचित्रकारानं तो क्षण टिपला. त्या फोटोला १९७० चं पुलित्झर मिळालं. तुम्ही तो मोबाइलवर शोधला तर लगेच सापडेल. वारी हाउससमोरच्या त्या पहाटेबद्दल मात्र फोटोतून काहीच कळत नाही.

सोमवारी प्राध्यापक सभेनं करार फेटाळला. मग बार्टन हॉलमध्ये हजारो विद्यार्थी जमले, त्यात गोरे कितीतरी होते, आणि ते तिथून हलेनात. बुधवारी सभेनं निर्णय फिरवला. कुणाचा जीव गेला नाही, गोळी सुटली नाही.

हिशोब

याचा हिशोब सोपा नाही, आणि मी तो सोपा करून सांगणार नाही. बंदुकीच्या धाकात सभेनं मत बदललं, असं म्हणून काही नामवंत प्राध्यापक विद्यापीठ सोडून गेले. पर्किन्स यांनी राजीनामा दिला. ज्यानं दार रुंद केलं, त्याचीच खुर्ची गेली. त्या काळात तिथं शिकवणारे थॉमस सोवेल हे स्वतः काळे अर्थतज्ज्ञ. त्यांनी पुढं आयुष्यभर मांडलं, की तयारी न झालेल्या मुलांना फार वरच्या विद्यापीठात आणून बसवणं त्यांच्यावरच अन्याय आहे. मला हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. माझ्या खोलीतल्या त्या मुलालाही कुणीतरी म्हणू शकलं असतं, की तुझी जागा इथं नव्हती. पण त्याचं इंग्रजी मी ऐकलं होतं.

दुसऱ्या बाजूला काय उरलं? १९६९ मध्येच आफ्रिकाना अभ्यास केंद्र सुरू झालं. जेम्स टर्नर त्याचे पहिले संचालक. १ एप्रिल १९७० ला त्याची इमारत आगीत खाक झाली. आग लावली गेल्याचा संशय होता. केंद्र दुसऱ्या इमारतीत गेलं आणि आजही चालू आहे. विद्यार्थी भवनातून बाहेर पडलेल्यांपैकी एक, थॉमस जोन्स, पुढं एका मोठ्या वित्तसंस्थेचे अध्यक्ष आणि कॉर्नेलचे विश्वस्त झाले. १९९५ मध्ये त्यांनी वंशावंशांत सलोखा वाढवणाऱ्या कामासाठी एक पुरस्कार सुरू केला आणि त्याला नाव दिलं जेम्स पर्किन्स यांचं. माफी मागायला कधीकधी पंचवीस वर्षं लागतात, असं ते वाचताना मला वाटून गेलं.

कॉर्नेल एकटं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये १९६६ पासून ब्लॅक स्टुडंट्स युनियन होती. तिच्या पुढाकारानं नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झालेला संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९६५ पासून 'सीक' हा कार्यक्रम होता. गरीब घरांतल्या काळ्या आणि प्वेर्तो रिकन मुलांना प्रवेश, हातखर्चाला पैसे आणि लिहिण्या-वाचण्याची पक्की तयारी. तिथं पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध शिकवायला कोण होतं? ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बाम्बारा. ज्यांची पुस्तकं आज आपण एकमेकांना सुचवतो, त्या लेखिका तेव्हा मुलांच्या वह्या तपासत होत्या.

इकडची बाजू

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तीन वर्षांनी ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० साल उजाडलं. शिक्षण मध्येच सुटणं म्हणजे काय, हे ते पुस्तकातून शिकले नव्हते.

१९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनी आपुलकीनं उत्तर दिलं. हे डू बॉइसही अल्फा फाय अल्फाचे सभासद होते. त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. मिलिंदचे प्राचार्य झालेले म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. काळ्यांच्या साहित्याची ओळख त्यांनी इकडच्या लिहित्या पोरांना करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. तिचं नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आलं, आणि तिच्या तरुणांचा अड्डा होता वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह. पुन्हा वसतिगृहच. जिथं मुलं रात्री जागून बोलू शकतात, तिथून काहीतरी निघतं.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. टेक्सास राज्यानं तर सरकारी विद्यापीठांमधली विविधतेसाठीची कार्यालयं बंद करणारा कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र बंद झालं. प्रवेशाच्या वादावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. बंद झालेल्या एका खोलीबद्दल कोण लिहिणार? पण १९०५ च्या कॉर्नेलमध्ये प्रवेश होताच की. नव्हती ती खोली.

मी आता पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी मी शिकवत नाही. हजेरी घेतो, सावकाश. जे नाव दोनदा पुकारूनही उत्तर येत नाही त्यावर खूण करतो, आणि तास संपल्यावर शेजारच्या बाकावरच्याला बाहेर बोलावून विचारतो. "गावाकडं लग्न आहे सर," असं बहुतेक वेळा उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. गेल्या वर्षी एकाला फोन लावला तर तो म्हणाला, "मेसचे पैसे भरायचे राहिलेत." दोन दिवसांत आम्ही काहीजणांनी मिळून ते भागवलं आणि तो परत आला.

माझ्या त्या रूममेटचा नंबर माझ्याकडे नाही. त्या काळी मोबाइल नव्हते. पण गाव माहीत होतं, आणि दहा पैशांचं पोस्टकार्ड तरी मिळत होतं.